विळ्याचं पाणी

आमच्या घरचा टीव्ही माझ्या मुलाने, प्रफुलने घेतला. तो माजरीला कोळसा खाणीत नोकरीला आहे. घेतला माझ्यासाठी, पण पहिल्या आठवड्यातच गावाने त्याचा ताबा घेतला. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणणार नाही, पण चपलांचा ढीग ओलांडून स्वतःच्याच घरात शिरावं लागलं की माणसाचं डोकं फिरतं. माझं तर जरा लवकरच फिरतं. सगळी हयात अंगणवाडीत लेकरांवर ओरडण्यात गेली, त्यामुळे आवाजही तयार आहे. गावात मला सीताबाई म्हणतात. माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

गर्दी जमायची ती एका कार्यक्रमासाठी. देशभरातले लोहार एका मोठ्या शेडमध्ये उभे करायचे, भंगाराचं लोखंड पुढ्यात टाकायचं आणि सांगायचं, यातून कुऱ्हाड करा, कोयता करा. वेळ संपली की भोंगा वाजायचा. मग तीन परीक्षक ती वस्तू लाकडावर, हाडावर, दोरखंडावर हाणून पाहायचे आणि शेवटी एकाला घरी पाठवायचे. आमचं गाव आरमोरीजवळ, धानाचं. विळ्या-कुऱ्हाडीशिवाय इथे कुणाचा दिवस जात नाही. त्यामुळे भाजीतल्या मिठाबद्दल जितक्या अधिकाराने बोलावं तितक्याच अधिकाराने सगळे त्या लोहारांबद्दल बोलायचे.

यात सगळ्यात पुढे झिंगू. हा ट्रॅक्टर चालवतो आणि समोरचा जे बोलेल त्याच्या उलट बोलतो. शेडमधला यंत्राचा घण दिसला की त्याचं सुरू व्हायचं. "याले काय लोहार म्हनाचं? लाइन गेली तं हा मानूस घरी जाऊन झोपन." कुणी म्हटलं, अरे, पण हात बघ कसा चालतो, तर हा म्हणायचा, हात चालून काय उपयोग, डोकं कुठी चालते. बायका निराळंच बघायच्या. त्यांना त्या लोकांच्या जेवणाची काळजी. एवढा वेळ आगीपुढे उभे आहेत, कोणी पाणी तरी विचारतंय का, आणि घरी पाठवलेल्या माणसाला बिचाऱ्याला बसचं तिकीट तरी देतात का. झिंगूने चॅनलला मोबाइलवरून गावाचं मतही कळवलं होतं. उत्तर काही आलं नाही.

पण या सगळ्या मतांच्या वर एक मत होतं, ते लटारूभाऊंचं. लटारूभाऊ आमच्या गावचे लोहार. हाडं दिसतील असा बारीक माणूस, डोक्याला गमछा, बसायची जागा अगदी टीव्हीच्या पुढ्यात, नाक लागेल इतक्या जवळ. त्यांनी "हे मोडन" म्हटलं की आम्ही ते पातं मोडायची वाट बघायचो. ते बोलले की झिंगूसुद्धा गप्प बसायचा, आणि झिंगू गप्प बसणं ही आमच्या गावात साधी गोष्ट नाही.

या मानाला कारण आहे, आणि आमच्या बौद्ध मोहल्ल्यात तर दुप्पट आहे. माझे सासरे चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि गावकीची जुनी कामं त्यांनी सोडली. गाव रागावलं. कोणी पाणवठ्यावर अडवलं, कोणी मजुरी बंद केली. त्याच साली सासऱ्यांनी पहिल्यांदा स्वतःची जमीन नांगरायला घेतली होती आणि नांगराला फाळ नव्हता. लटारूभाऊंच्या बापाला गावाने सांगून ठेवलं होतं, यांचं काम करायचं नाही. त्या माणसाने भर दिवसा आपली ऐरण आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी आणून मांडली आणि सगळ्यांसमोर फाळ घडवून दिला. पुढे त्याचे हाल झाले असतील, ते तो कधी बोलला नाही. माझी सासू ही गोष्ट सांगायची तेव्हा दरवेळी तिचा आवाज बसायचा.

तर अशा बापाचा हा मुलगा. आणि या मुलाची बायको शकुबाई. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय लटारूभाऊंविषयी सांगताच येत नाही, कारण त्या घरात काम जोडीने चालतं. भाऊ एका हाताने सांडशीत लोखंड धरणार, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने ऐरणीवर टकटक करून जागा दाखवणार, आणि शकुबाई त्या जागेवर घण मारणार. पंखा फिरवून आग फुलवणं तिचं, कोळसा चाळणं तिचं, घण तिचा. तिच्या दंडाकडे पाहिलं की आमच्या झिंगूने आपले दंड झाकून घ्यावेत. टीव्हीवरच्या लोहारांबद्दल तिचं एकच म्हणणं होतं. "याइच्या बायका कुठी हायेत? एकटाच काऊन मारून राह्यला?"

फक्त एक काम तिचं नव्हतं. विळ्याला पाणी देणं. विळा घडवून झाला की तो लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून धारेजवळ विटेने घासून चकाकी आणायची आणि मग बघत बसायचं. आत राहिलेली धग धारेकडे सरकते आणि तिच्याबरोबर त्या चकाकीवर रंग सरकतो. आधी गव्हासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. गव्हाचा रंग धारेला लागला की त्याच क्षणी पुन्हा पाणी. आधी दिलं तर विळा काचेसारखा फुटतो, उशीर झाला तर मऊ पडतो आणि धानाच्या धांड्यावर धार मुडपते. लटारूभाऊंच्या घरची रीत अशी, की हे पाणी घरच्या पुरुषानेच द्यायचं. ती वेळ आली की शकुबाई घण ठेवायची, लुगड्याची राख झटकायची आणि चुलीकडे जायची. मी एकदा भाऊंना याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "बाईच्या हातचं पानी लोखंड घेत नाई." मी म्हटलं, मंग तुमच्या पोटात जाते ते पानी कोन भरून आनते? हसले, पण रीत काही हलली नाही.

टीव्हीवर मात्र एक बाई होती. कुठल्याशा डोंगराकडची, डोक्याला लाल रुमाल बांधायची, म्हणून आमच्याकडे तिचं नाव लाल रुमालवाली. ती घण मारायची, सांडशी धरायची आणि पाणीही स्वतःच द्यायची. ती दिसली की लटारूभाऊंची मान हलू लागायची. "जाईन हे पोरगी. या खेपेले जाईन." ती काही जाईना. दर खेपेला एक पुरुष घरी जायचा आणि ही पुढे.

याच सुमारास भाऊंची मतं चुकू लागली. म्हणजे आधीपासूनच चुकत असतील, आमच्या ध्यानात तेव्हा आलं. कोणी पातं पाण्यात घातलं की ते म्हणायचे, "रंग आलाच नाई अन् बुडवलं. फुटन." आम्हाला तर रंग आलेला दिसला होता. पातं फुटायचंही नाही. एकदा झालं, दोनदा झालं, मग भाऊंनीच निदान केलं. "सीताबाई, तुमच्या टीव्हीतला पिवळा रंग संपला." आता गंमत बघा. लोहाराला रंग दिसत नसेल, हे गावात एकाच्याही मनात आलं नाही. टीव्ही बिघडला हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं, मलासुद्धा. झिंगूने रिमोट घेऊन रंग असा काही वाढवला, की तिन्ही परीक्षक हळद लावलेल्या नवरदेवासारखे दिसू लागले. भाऊ म्हणाले, अजून कमीच हाय. शेवटी प्रफुलला फोन करून आरमोरीचा मेकॅनिक बोलावला. त्याने टीव्ही उघडून पाहिला, पुन्हा लावला, चहा प्यायला आणि जाताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्याला दोन शब्द ऐकवावेसे वाटले.

मेकॅनिक गेल्यावर मी ओट्यावर बसले आणि मला माझ्या माळ्यावरचे विळे आठवले. ही गोष्ट गावात प्रत्येक घराला माहीत होती आणि एकही घर बोलत नव्हतं. गेल्या दोन-तीन हंगामांपासून लटारूभाऊंचा विळा मऊ निघत होता. आकार तोच, मूठ तीच, पाठीवर बापाचा छापही तोच, पण अर्धी बांधी, म्हणजे धानाचं अर्धं खाचर, कापेपर्यंत धार मुडपायची. तरी दिवाळीआधी प्रत्येक जण त्यांच्याकडून विळा घ्यायचाच. नमस्कार करून घ्यायचा, घरी नेऊन माळ्यावर ठेवायचा आणि धान कापायला बाजारातून दुसरा आणायचा. त्या घराला तुझा विळा चालत नाही असं कोण सांगणार? भाऊंना वाटायचं, हल्ली ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यात दम राहिला नाही, कोळशात माती येते. स्वतःशीच झगडत होता तो माणूस. मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं, की टीव्ही आणि विळे यांचं दुखणं एकच आहे.

त्याच आठवड्यात लाल रुमालवालीची मोठी परीक्षा आली. कोयता करायचा होता. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शकुबाईही आली होती, भाऊंच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. त्या पोरीने कोयता घासला आणि कॅमेऱ्याने पातं इतकं जवळून दाखवलं, की तो गव्हाळ रंग मुंगीसारखा धारेकडे सरकताना आम्हाला सगळ्यांना दिसला. धारेला लागला आणि तिने पाणी दिलं. घरातल्या बायकांनी श्वास सोडला.

"चुकली," लटारूभाऊ म्हणाले. "पांढरंच होतं अजून. बाईच्या हातचं पानी. आता पाहा, फुटते का नाई."

परीक्षकाने तो कोयता म्हशीच्या हाडावर हाणला. एकदा, पुन्हा, पुन्हा. कोयत्याला काही झालं नाही. ती पोरगी रुमालात तोंड लपवून रडायला लागली आणि आमच्या घरातल्या बायकाही तिच्याबरोबर डोळे पुसू लागल्या.

"बदलला," भाऊ म्हणाले. "मंधात जाहिरात लागली ना, तवा कोयता बदलला. टीव्हीवाले लबाड हायेत."

सगळे माना हलवू लागले. झिंगूसुद्धा. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "कोनी काई बदललं नाई, लटारूभाऊ. रंग आल्ता. आमाले सगळ्याइले दिसला, तुमाले दिसला नाई. टीव्ही चांगला हाये. डोळे तपासा. तुमचे विळे मऊ पडून राह्यले ते याच्यानंच."

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती, ती तेवढी ऐकू येत होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मागे वळले आणि बायकोला म्हणाले, "शकू, रंग आल्ता काय?"

शकुबाईने पदर हातात पिळला. "आल्ता," ती म्हणाली.

भाऊ उठले आणि चपलांच्या ढिगात पाय घालून निघून गेले. गेले ते झिंगूची एक आणि स्वतःची एक घालून. त्या रात्री गाव माझ्यावर चिडलं. एवढ्या मोठ्या माणसाला भर माणसांत असं बोलतात का, असं सगळ्यांचं म्हणणं. मी म्हटलं, न बोलून तुम्ही त्याचं काय भलं केलं ते आधी सांगा. मला त्या बोलण्याचा तेव्हाही पश्चात्ताप नव्हता, आजही नाही.

सकाळी शकुबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं भांडायला आली. ती म्हणाली, "बरं केलंस बाई. मले बोलता येत नव्हतं."

मग तिने सगळं सांगितलं. भाऊंना भट्टीतला ताव दिसेनासा झाला होता हे तिला केव्हापासून माहीत होतं. लोखंड पुरेसं तापलं की ती नुसतं "हं" करायची आणि भाऊ सांडशीने ओढून घ्यायचे. दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. म्हणून विळ्याचा आकार कधी बिघडला नाही.

"अन् पान्याच्या टायमाले?" मी विचारलं.

"तवा मी चुलीपाशी."

"चुलीपासून दिसत नाई?"

"दिसते ना. गव्हाचा रंग येते, जाते, जांभळा होते, तरी हे पाहूनच राह्यते. माझा जीव खालीवर होते. पन बाईनं त्यात तोंड घालाचं नाई, अशी रीत हाये."

मला रागही आला आणि रडूही. मी तिला चहा दिला आणि तशीच तिच्या घरी गेले. लटारूभाऊ खाटेवर पडून होते. मी अंगणवाडीतला आवाज काढला. चला, गाडीत बसा, गडचिरोलीच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे आहेत. भाऊ उठले नाहीत. त्यांची भीती मला त्या दिवशी समजली. त्यांच्या काकाने डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. डॉक्टरांनी आगीपासून लांब राहायला सांगितलं होतं, पण लोहाराला भट्टी सोडवेना. पट्टी निघाल्याबरोबर काका ऐरणीवर जाऊन बसला, ठिणगी उडाली आणि तो डोळा कायमचा गेला.

"मलेही नाई राहवनार," भाऊ म्हणाले. "अन् आता दिवाळी आली. धान पिकून राह्यलं. महिनाभर भट्टी बंद ठेवली तं लोक बाजारात जातीन ते परत येनार नाई. डोळा गेला तरी काम जाते, डोळा केला तरी काम जाते. मंग राहू द्या जसं हाये तसं."

उत्तर शकुबाईने दिलं. ती दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमी डोळा करून या. भट्टीचं मी पाहतो."

दवाखान्यात मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. तिथल्या एका नर्सने, पोरसवदा होती, भाऊंचा हात धरून त्यांना आत नेलं आणि पूर्ण वेळ आजोबा, आजोबा करत त्यांच्याशी बोलत राहिली. भाऊ आजही तिचं नाव घेतात तेव्हा हात जोडतात. आधी एका डोळ्याचं झालं. काळा चष्मा मिळाला, थेंब मिळाले आणि ताकीद मिळाली, की आग नाही, धूर नाही, धूळ नाही. झिंगूने बसस्टँडवरून त्यांना घरी आणलं आणि येताना रस्ताभर उलट बोलला नाही.

परत आल्यावर भाऊंनी पहिलं काम काय केलं असेल, तर विळे सांगायला आलेल्या लोकांना बाजारात जायला सांगितलं. स्वतःच्या तोंडाने. दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाईने भट्टी पेटवली.

सांडशी तिने धरली. घण मारायला झिंगू आला, कारण टीव्हीवाल्यांना नावं ठेवण्यात तोच पुढे होता आणि मी त्याला त्याची आठवण करून दिली. पंख्याचा दांडा फिरवायला मी बसले. झिंगूचा पहिला घण ऐरणीच्या कडेला लागला आणि त्याचे दात वाजलेले मला ऐकू आले. शकुबाई हातोडीने टकटक करून जागा दाखवायची, हा भलतीकडेच मारायचा. "जिथी दाखवतो तिथी मार रे बाप्पा," ती म्हणायची. दुपारपर्यंत तो शर्ट काढून बसला होता आणि टीव्हीवरचा यंत्राचा घण ही एकंदरीत चांगली वस्तू आहे असं त्याचं मत झालं होतं. पण विळा झाला. वाकडातिकडा नाही, जसा असतो तसा विळा.

लटारूभाऊ रस्त्यापलीकडे चिंचेखाली खाट टाकून बसले होते, भट्टीकडे पाठ करून. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पाठ, पण मला वाटतं तेवढंच कारण नसावं. काम ऐकून ते सगळं ओळखत होते. घण चुकला की त्यांचे खांदे हलायचे.

शकुबाईने विळा लाल केला, पाण्यात बुडवून काढला आणि विटेने घासला. धारेजवळ चांदीसारखी पट्टी उमटली. इथपर्यंत हात चालले आणि मग थांबले. सांडशीत विळा, शेजारी पाण्याची कोठी, आणि ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत उभी. रस्त्यावर सात-आठ माणसं जमली होती.

"अजी," तिने हाक मारली. "रंग निघाला."

भाऊंनी मान वळवली नाही.

"गव्हाचा झाला. धारेकडे येऊन राह्यला."

माझ्या तोंडाशी आलं होतं, बुडव, कोणाची वाट पाहतेस. जन्मभर ज्या तोंडाला मी आवर घातला नाही ते तोंड मी त्या दिवशी दाबून धरलं. कारण मला दिसत होतं, तिला तो विळा कसाही करून वाचवायचा नव्हता. तिला तिच्या माणसाच्या डोळ्यांदेखत चोरी करायची नव्हती, आणि त्याने तर पाठ केली होती. रंग मात्र कोणासाठी थांबत नाही.

"जाते आता," ती म्हणाली. "पुढं जांभळा होईन."

"तुले दिसते?" भाऊंनी विचारलं.

"दिसते."

"मंग मले काऊन विचारते," भाऊ म्हणाले. "दे."

विळा पाण्यात गेला. चर्र असा बारीक आवाज झाला आणि वाफ वर आली. भाऊंनी हात मागे केला. शकुबाई रस्ता ओलांडून गेली आणि गार झालेला विळा तिने त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार ओढली, मग पुन्हा ओढली. विळा तिला परत दिला आणि म्हणाले, "दुसरा घे." एवढंच. शकुबाई परत आली ती रडतच आली, आणि रडत रडतच तिने पुढचं लोखंड भट्टीत घातलं.

त्या हंगामात आमच्या बांध्यांमध्ये शकुबाईच्या पाण्याचे विळे चालले. कापणीच्या बाया संध्याकाळी रस्त्याने जाताना हाक मारून सांगायच्या, शकुबाई, धार बसलीच नाई. मग एका दिवशी कुणीतरी माळ्यावरचा जुना विळा काढून आणला, याले नवीन पानी देता का म्हणून. त्याचं पाहून दुसरा आला. मग सगळं गाव यायला लागलं. चिंचेखाली विळे जमू लागले. भाऊ खाटेवर बसून एकेक हातात घ्यायचे, पाठीवरचा बापाचा छाप चाचपायचे. ढीग वाढत गेला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"एवढे?" त्यांनी मला विचारलं. "एवढे मऊ इळे नेले लोकाइनं? अन् कोनी एक शब्द बोललं नाई?"

"दर साली नेले," मी म्हटलं. "अन् दर साली नेले असते. तुमच्या बापाची ऐरन आमच्या मोहल्ल्यापुढं होती, भाऊ. आमाले कसं बोलता येईन?"

त्यांनी हातातला विळा ढिगावर ठेवला. मग काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळायला लागलं. मी लगेच ओरडले, की डॉक्टरांनी डोळा ओला करू नका म्हणून सांगितलंय. ओरडताना माझाच आवाज बसला होता.

कार्यक्रम तोवर शेवटाला आला होता. लाल रुमालवाली पहिली आली नाही, दुसरी आली. गावाने तो निकाल मानला नाही. झिंगूने चॅनलला पुन्हा एक मत पाठवलं, या वेळी शिव्या मी खोडायला लावल्या. लटारूभाऊ काळा चष्मा लावून तिथेच पुढे बसायचे, पण आता शकुबाई त्यांच्या मागे नाही, शेजारी बसायची. पातं पाण्यात जायची वेळ आली की भाऊ सगळ्यांदेखत विचारायचे, "शकू, रंग?" ती सांगायची. मग त्यावर ते मत द्यायचे आणि ते मत बरोबर निघायचं. मी त्या कार्यक्रमाला पुष्कळ नावं ठेवली आहेत, माझ्या घराची धर्मशाळा त्यानेच केली. पण आभार मानायचे तर मी त्याचेही मानते. त्या पडद्यावर रंग दिसला नसता तर आम्ही सगळे प्रेमापोटी त्या माणसाला आंधळा होऊ दिलं असतं.

गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली, दुसऱ्या डोळ्याचंही झालं, त्यानंतर डॉक्टरांनी भाऊंना भट्टीवर बसायची परवानगी दिली. त्या सकाळी मी मुद्दाम गेले. भाऊंनी ऐरणीला हात लावून तो कपाळाला लावला आणि सांडशी घेतली. शकुबाईने घण उचलला. दोघांचं काम पुन्हा ऐकताना बरं वाटलं. झिंगूच्या घणाने आम्हा सगळ्यांचे कान किटले होते. वडसेकडचा एक माणूस कुऱ्हाड करून घ्यायला आला होता, तो बघत उभा होता. कुऱ्हाड तयार झाली, बुडवून निघाली, घासली. भाऊ त्या चकाकीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की रंग निघाला आहे आणि तो त्यांना दिसतो आहे. शकुबाईलाही ते कळलं. तिने घण खाली ठेवला, लुगडं झटकलं आणि चुलीकडे निघाली.

"कुठी चालली?" भाऊ म्हणाले. आणि त्यांनी कुऱ्हाडीसकट सांडशी तिच्यापुढे धरली.

वडसेवाल्याला राहवलं नाही. "काऊन भाऊ? डोळे तं चांगले झाले ना आता तुमचे? मंग बाई काऊन पानी देते?"

"चांगले झाले म्हनूनच," लटारूभाऊ म्हणाले. "हिनं पहिल्या खेपेले पानी देल्लं तवा माझी पाठ होती. मले पाहाचं राह्यलं हाये."

शकुबाईने पदर कमरेला खोचला आणि सांडशी हातात घेतली.